होमरूमची दहा मिनिटं: अमेरिकेतल्या शाळेत मूल घालणाऱ्या नव्या पालकांसाठी

आमची मुलगी सातवीत असताना आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला आलो. शाळेने दिलेल्या वेळापत्रकाच्या पहिल्याच ओळीत ‘एचआर’ असं लिहिलेलं होतं. पुढे खोलीचा नंबर आणि कुणाचं तरी आडनाव. नवरा म्हणाला, शाळेत एचआर कशाला हवंय? कंपनीची सवय, दुसरं काय. शाळेत फोन केला तेव्हा कळलं की एचआर म्हणजे होमरूम. मी लगेच अर्थ लावला, अच्छा, म्हणजे वर्गशिक्षक! आणि त्या भरवशावर त्या सरांना दीड पानाचा ईमेल धाडला. मुलीचं गणित पुढे गेलेलं आहे, इथल्या सातवीत तिला तेच परत शिकावं लागेल, तिला वरच्या गटात घाला, ती जरा बुजरी आहे, डबा संपवते का तेवढं बघा.

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. सर बँड शिकवत होते. गणितासाठी काउन्सेलरना, म्हणजे शाळेतल्या समुपदेशकांना लिहा, आणि तुमची मुलगी आज वेळेवर आली होती, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

तेव्हा त्या उत्तराचा राग आला होता. आता वाटतं, होमरूमचं काम, म्हणजे रोज सकाळी मूल आलंय का ते बघणं, यापेक्षा नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नसतं. त्यानंतर नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी घरांतून हाच गोंधळ ऐकला, म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढते आहे. यातले नियम न्यू जर्सीचे आहेत. दुसऱ्या राज्यात तपशील बदलतील, पण शाळेची घडी साधारण अशीच सापडेल.

आधी डोक्यातली शाळा बाजूला ठेवा

आपल्याकडे सातवी ‘ब’ ही एक खोली असते आणि एक टोळीही असते. तीच चाळीस-पन्नास मुलं वर्षभर त्याच बाकांवर बसतात. घंटा झाली की शिक्षक बदलतात, मुलं जागची हलत नाहीत. कुणी सलग तीन दिवस आलं नाही तर शेजारच्या बाकावरचं पोरगंच वर्गशिक्षकांना सांगतं, बाई, त्याला कावीळ झालीय.

इथल्या मिडल स्कूलपासून, म्हणजे साधारण सहावीपासून, हे उलटं होतं. शिक्षक आपापल्या खोलीत थांबतात आणि घंटा झाली की मुलं निघतात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. गणिताच्या तासाला जी पंचवीस मुलं आहेत ती विज्ञानाच्या तासाला नसतात. ‘माझा वर्ग’ असं काही उरतच नाही. चार मिनिटांत एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाला पोचायचं, वाटेत लॉकर उघडायचा, आणि हे दिवसातून सात-आठ वेळा.

अशा शाळेत मूल आज आलंय की नाही हे सांगणार कोण? होमरूम याच प्रश्नातून आलं. १९०९ साली ओहायोतल्या कोलंबस गावात पहिली ज्युनियर हायस्कूल, म्हणजे आजच्या मिडल स्कूलची आधीची आवृत्ती, सुरू झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत विषयवार शिक्षकांची पद्धत देशभर पसरली आणि तिच्याबरोबर होमरूमही. दिवसातून एकदा मुलांनी ठरलेल्या खोलीत ठरलेल्या माणसासमोर बसायचं, त्याने मोजायचं, सूचना द्यायच्या, आणि मग सगळे पांगणार. बहुतेक ठिकाणी ही दहा-पंधरा मिनिटं सकाळी पहिल्या तासाआधी असतात. काही शाळा पहिल्या किंवा दुसऱ्या तासालाच पाच मिनिटं जोडून तेवढ्यावर भागवतात.

एक अपवाद लगेच सांगते, कारण त्यावरून घरोघरी वाद होतात. मूल पहिली ते पाचवीत असेल तर तिथे होमरूम टीचर म्हणजे खरोखरच आपल्या वर्गशिक्षिका. भाषा, गणित, समाजशास्त्र बहुतेक त्याच शिकवतात आणि मुलाबद्दल सगळं त्यांनाच ठाऊक असतं. तुमच्या मैत्रिणीने ‘होमरूम टीचरला सांग, त्या सगळं करतात’ असं सांगितलं आणि तुमच्या सातवीतल्या मुलाच्या बाबतीत तसं काहीच झालं नाही, तर तिचं मूल तिसरीत आहे का ते आधी विचारा.

वेळापत्रकाची पहिली ओळ

न्यू जर्सीत शाळा बहुतेक करून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, लेबर डेच्या (पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या) आसपास उघडतात. वेळापत्रक ऑगस्टच्या शेवटी पालकांच्या पोर्टलवर येतं. ते छापून घ्या. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात फोन असेलच असं नाही, बऱ्याच शाळांत तो लॉकरमध्ये ठेवायला लावतात.

‘एचआर’ किंवा ‘होमरूम’ची ओळ शोधा आणि खोलीचा नंबर बघा. ‘बी-२१४’ म्हणजे साधारणपणे बी विभाग, दुसरा मजला, चौदावी खोली. ‘ए डे’ आणि ‘बी डे’ असे रकाने दिसले तर तास एक दिवसाआड बदलतात. आज ए आहे की बी, हे मुलांना सकाळी होमरूममध्येच सांगतात. पहिले दोन आठवडे तरी हे ऐकायला मूल तिथे वेळेवर पोचलं पाहिजे. नाहीतर पोहण्याचे कपडे घेऊन चित्रकलेच्या तासाला. आमच्याकडे झालंय.

शाळा सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधी नव्या मुलांना इमारत दाखवायचा कार्यक्रम असतो. तो चुकवू नका. त्या दिवशी फक्त दोनच रस्ते पाठ करून घ्या, मुख्य दारापासून होमरूम आणि होमरूमपासून लॉकर. बाकीचं पोर आठवड्याभरात शिकतं.

नाव कसं लिहिलंय ते तपासा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथे आपली मुलं विनाकारण सोसतात.

पुष्कळ शाळांत होमरूमची वाटणी आडनावाच्या आद्याक्षराने होते. त्यामुळे आमच्या भागातल्या शाळेत ‘पी’च्या होमरूममध्ये पाटील, पवार, परांजपे आणि डझनभर पटेल एकाच खोलीत! मुलीला पहिल्याच दिवशी मराठीत कुरकुरायला कुणीतरी मिळालं ते असं. पण ही वाटणी पासपोर्टवरच्या नावावरून होते, आणि आपल्या पासपोर्टांची गंमत सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या आडनावाचा रकाना रिकामा असतो. मग व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. शाळेच्या यादीतही तेच उतरतं आणि हजेरीला पोरगं ‘फनू’ होऊन बसतं. कुणाचं वडिलांचं नाव मधल्या नावाच्या रकान्यात न जाता पहिल्या नावाला चिकटतं, आणि मुलीला बाई वर्षभर तिच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात.

म्हणून नावनोंदणीच्या दिवशीच रजिस्ट्रारला सांगा की कायदेशीर नाव पासपोर्टप्रमाणे राहू दे, पण हाक मारायचं नाव वेगळं नोंदवा. त्यासाठी बहुतेक प्रणालींमध्ये स्वतंत्र रकाना असतो. होमरूमच्या यादीवर मग ते दिसतं.

राहिला उच्चार. ज्ञानदा, ज्ञानेश, हृषीकेश, ऋजुता ही नावं इंग्रजीत लिहिली की अमेरिकन माणूस पहिल्या अक्षरापाशीच अडखळतो. ज्ञानदाचं स्पेलिंग डी-एन-वायने सुरू होतं. त्यांच्या डोळ्यांनी एकदा ते वाचून बघा. हजेरी चाललेली असते, पटापट नावं जात असतात, आणि मध्येच बाई थांबतात. खोलीत शांतता. ती शांतता म्हणजे आपलं नाव, हे मुलाला दुसऱ्या दिवसापासून कळतं, आणि बाईंनी प्रयत्न करायच्या आतच ते ‘हिअर’ म्हणून मोकळं होतं. माझ्या ओळखीतला एक अथर्व याच कंटाळ्याने दोन महिन्यांत ‘आर्ट’ झाला. त्याला ते चालत असेल तर आपण कोण बोलणार? पण निदान त्याला निवडायची संधी तरी मिळायला हवी.

उपाय साधा आहे. पहिल्या दिवसाआधी होमरूमच्या शिक्षकांना दोन ओळींचा ईमेल करा. नाव तोडून, सोप्या इंग्रजी अक्षरांत लिहा, ‘द्न्या-न-दा’ असा उच्चार आहे म्हणून सांगा. मुलालाही एक वाक्य शिकवून ठेवा, माझं नाव असं म्हणतात, थोडं अवघड आहे, मी परत सांगतो. बहुतेक शिक्षक पाठ करतात, काही जण तर यादीवर पेन्सिलने लिहून ठेवतात. ते मुद्दाम चुकवत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि उलट्या बाजूचं. आपली मुलं सवयीने ‘टीचर’ किंवा ‘सर’ म्हणून हाक मारतात. न्यू जर्सीत ते विचित्र वाटतं. इथे मिस्टर किंवा मिस आणि पुढे आडनाव. बाई आत आल्या की उभं राहायचं नाही. आमची पहिल्या दिवशी एकटीच उभी राहिली होती.

कागदांचा गठ्ठा

पहिल्या दिवशी होमरूममधून मूल एक जाडजूड पाकीट घेऊन येतं, किंवा पोर्टलवर तेवढेच अर्ज उगवतात. ते बहुधा आठवड्याभरात परत करायचे असतात, आणि गोळा करणारे होमरूमचेच शिक्षक. ज्यांचं राहिलंय त्यांची नावं रोज सकाळी वाचली जातात, म्हणून हे रविवारवर ढकलू नका.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आणीबाणीच्या संपर्काचा. आई-बाबांशिवाय आणखी दोन नावं मागतात, अशी माणसं जी मुलाला शाळेतून घेऊन जाऊ शकतील. नव्या घरापुढे इथेच प्रश्न पडतो, आपलं इथे आहे कोण? पुण्याच्या आजीचा नंबर देऊन उपयोग नाही. गाडी चालवणारा, दुपारी उचलणारा शेजारी हवा. बसस्टॉपवर भेटणाऱ्या आईला सरळ विचारा. इथे कुणी याला भीड घालणं मानत नाही, कारण तिलाही तुमचं नाव द्यायचं असतं. शाळेत मूल घ्यायला गेलेल्याचं नाव या कागदावर नसेल तर शाळा मूल सोपवत नाही, मग तो सख्खा मामा का असेना.

आरोग्याच्या अर्जात औषधांचा रकाना असतो. आपण मुलाच्या दप्तरात क्रोसिनची पट्टी सहज टाकतो. इथे ते करू नका. कुठलीही गोळी, अगदी डोकेदुखीचीही, नर्सकडेच असायला हवी आणि तीही डॉक्टरांच्या सहीच्या अर्जासह. पोट दुखलं तर होमरूमच्या शिक्षकांकडून नर्सकडे जायचा पास घ्यायचा, हे मुलाला नीट सांगून ठेवा. सहावीत जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिन्गोकॉकल (मेंदूज्वराचा एक प्रकार) या दोन लशी लागतात. भारतातल्या लसीकरणाच्या पुस्तिकेवरच्या तारखा इथल्या डॉक्टरांकडून त्यांच्या अर्जावर उतरवून घ्या.

‘घरी कोणती भाषा बोलता?’ असा एक अर्ज नोंदणीच्या वेळी येतो. मराठी लिहिलं तर मुलाला इंग्रजीच्या मदतवर्गात टाकतील, या भीतीने बरेच पालक इंग्रजी लिहितात. मला हे पटत नाही. मराठी लिहिलं की फार तर मुलाची एक चाचणी होते. इंग्रजी माध्यमातून आलेलं मूल ती सहसा पार करतं. आणि मदतीची गरज असलेल्या मुलाला ती मिळाली तर नुकसान कुणाचं आहे?

जेवणाच्या सवलतीचा अर्ज उत्पन्नावर असतो. बसत असेल तर भरा, तो कुणाला दाखवत नाहीत. फोटो छापायच्या परवानगीवर घरात बोलून सही करा. बाकीच्या कागदांवर वाचलं म्हणून सही करायची असते, तेवढ्यासाठी रात्र घालवू नका.

कुलूप उघडायचा सराव

हे कुणी सांगत नाही. लॉकरला आकड्यांचं चाकाचं कुलूप असतं, आणि आपल्या मुलांनी ते आयुष्यात हातात धरलेलं नसतं. होमरूममध्ये एका चिठ्ठीवर तीन आकडे मिळतात, समजा २४–८–३२. आधी चाक उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून २४ वर थांबायचं. मग डावीकडे, २४ एकदा ओलांडून पुढे जाऊन ८ वर. मग उजवीकडे थेट ३२ वर, आणि ओढायचं. एक घर जरी पुढे सरकलं तर सगळं पहिल्यापासून.

दुकानात असं कुलूप पाच-सहा डॉलरला मिळतं. ऑगस्टमध्येच आणा आणि टीव्हीसमोर बसून करू दे. मागे दोनशे मुलं धावताहेत, घंटा व्हायला दोन मिनिटं आहेत आणि कुलूप उघडत नाही, हा प्रसंग पहिल्या आठवड्यातल्या रडण्याचं मुख्य कारण असतो. इंग्रजी, गणित वगैरे नंतर.

रोज सकाळी तिथे होतं काय

घंटा होते, मुलं बसतात, शिक्षक संगणकावर हजेरी टाकतात. ध्वनिक्षेपकावरून किंवा मुलांनीच केलेल्या छोट्या चित्रफितीतून सूचना येतात, आज बुद्धिबळ क्लब आहे, फुटबॉलच्या निवडीची तारीख बदलली, शुक्रवारी पायजमा घालून यायचं. शेवटचं खरं असतं, थट्टा नव्हे. ‘स्पिरिट वीक’मध्ये, म्हणजे रोज वेगळ्या वेशात यायच्या मजेच्या आठवड्यात, मुलं खरोखर पायजम्यात येतात, आणि ते न ऐकलेलं आपलं मूल तेवढं इस्त्रीच्या कपड्यांत असतं. त्यामुळे घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारण्याआधी ‘आज सूचना काय होत्या?’ हे विचारायची सवय लावा.

सूचनांच्या आधी प्लेज, म्हणजे झेंड्याची प्रतिज्ञा. उभं राहून, उजवा हात छातीवर ठेवून म्हणतात. आपल्याकडे प्रतिज्ञेला हात पुढे करतात, त्यामुळे मुलं गोंधळतात. आपण नागरिक नाही, व्हिसावर आहोत, मग म्हणायची का? १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्यात स्पष्ट निकाल दिला की कुठल्याही मुलाला झेंड्याला वंदन करायची किंवा प्रतिज्ञा म्हणायची सक्ती सार्वजनिक शाळेला करता येत नाही. खटला यहोवाज विटनेस पंथाच्या कुटुंबांनी लढवला होता. बहुतेक भारतीय मुलं शांतपणे उभी राहतात, ओठ हलवत नाहीत, आणि कुणी काही म्हणत नाही. तुमच्या मुलाला म्हणावीशी वाटली तरी हरकत नाही. त्याने नागरिकत्वाच्या अर्जावर काही फरक पडत नाही, हेही मला एकाने विचारलं होतं म्हणून लिहिते.

हजेरी: इथे मात्र सावध राहा

होमरूममधली हजेरी ही पुष्कळ शाळांत त्या दिवसाची अधिकृत हजेरी असते. घंटेनंतर तीन मिनिटांनी आलेलं मूल ‘टार्डी’, म्हणजे उशिरा आलेलं, धरतात आणि त्याला आधी ऑफिसातून चिठ्ठी आणावी लागते. ‘टार्डी’ साठत जातात, आणि ठरावीक आकड्यानंतर शाळा सुटल्यावर थांबवून ठेवतात.

मूल येणार नसेल तर सकाळी हजेरीच्या नंबरवर फोन करायचा किंवा पोर्टलवर नोंद करायची. हे केलं नाही तर होमरूमच्या यादीवरून तासाभरात तुमच्या फोनवर यंत्राचा आवाज येतो की आपले मूल आज अनुपस्थित आहे. पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. मूल तर सकाळी बसमध्ये चढलं होतं! ते स्वच्छतागृहात गेलं होतं आणि होमरूम चुकलं होतं, एवढंच. असा फोन आला तर घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. हजेरी बघणाऱ्या बाईंना फोन करून खात्री करा.

आता खरा अवघड विषय, भारतवारी. नाताळची सुट्टी दहा दिवसांची. आपण ती महिन्याची करतो, कारण तिकीट महाग, लग्नसराई, आजी-आजोबा. न्यू जर्सीत शाळेचं वर्ष १८० दिवसांचं असतं. त्यातले १० टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत जातं. कौटुंबिक सहल ही सहसा मान्य रजा नसते. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमान्य गैरहजेऱ्या दहापर्यंत पोचल्या की त्याला ‘ट्रुअंट’, म्हणजे शाळा बुडवणारा, धरतात, आणि प्रकरण पालकांना न्यायालयाची पायरी चढण्यापर्यंत जाऊ शकतं. मी जाऊ नका म्हणत नाही. आजी तिकडे वाट बघत असते, हे मलाही कळतं. पण तिकीट काढण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा, अभ्यास कसा भरून काढायचा ते विषयशिक्षकांना विचारा, आणि परतल्यावर मुलाचं नाव पटावर आहे ना ते तपासा. लांबच्या गैरहजेरीत काही शाळा नाव काढून टाकतात आणि नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. होमरूमच्या शिक्षकांना तोंडी सांगून ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. रजा मंजूर करायचा अधिकार त्यांना नसतो.

सणांचं मात्र बरं आहे. न्यू जर्सीचं राज्य शिक्षण मंडळ धार्मिक सणांची यादी मंजूर करतं आणि दिवाळी त्यात आहे. पालकांनी लेखी कळवलं की त्या दिवशीची गैरहजेरी मान्य धरली जाते, त्या दिवसापुरती परीक्षाही पुढे देता येते. राज्यातल्या अनेक डिस्ट्रिक्टांत (गावातल्या शाळा चालवणाऱ्या विभागांत) आता दिवाळीला शाळाच बंद असते. पलीकडे न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. गणपतीला मूल घरी ठेवायचं असेल तर तुमच्या शाळेच्या यादीत तो दिवस आहे का ते आधी बघा, आणि चिठ्ठी आदल्या दिवशीच द्या.

मग कुणाकडे जायचं

तुमच्या मनातल्या वर्गशिक्षकाचे इथे चार-पाच तुकडे केलेले आहेत. तास बदलणे, वरचा गट, मैत्रीचे प्रश्न, मूल घरी येऊन रडतंय, हे सगळं गाइडन्स काउन्सेलरचं. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या अर्जांपर्यंत हाच माणूस महत्त्वाचा, तेव्हा पहिल्या महिन्यातच भेटीची वेळ घ्या. गुण आणि गृहपाठ विषयशिक्षकांचे. दुखणं नर्सचं. मारामारी, त्रास देणं, शिक्षा हे उपमुख्याध्यापकांचं. होमरूमच्या शिक्षकांकडे नाव, हजेरी, कागद, लॉकर.

आणि आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पुस्तिकेत लिहिलेली नसते. मूल रोज सकाळी कसं दिसतं, हे शाळेत फक्त यांनाच माहीत असतं. बाकीचे सगळे त्याला तासाच्या गडबडीत, आपल्या विषयापुरतं बघतात. बँडवाल्या त्या सरांनी नोव्हेंबरमध्ये आपणहून ईमेल केला होता की हल्ली ती खिडकीशी एकटी बसते, आधी तिघींचा गट होता. घरी आम्हाला पत्ताच नव्हता. मग मी काउन्सेलरकडे गेले ते ही माहिती हातात घेऊन. दीड पानी विनंतीने जे झालं नव्हतं ते त्या एका ओळीने झालं.

ईमेल मात्र छोटा लिहा. मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, एक प्रश्न. उत्तराला एक-दोन दिवस लागतात. आणि सहज म्हणून शाळेत डोकावू नका. दार बंद असतं, बेल वाजवून ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि वेळ न घेता आलेले पालक इथे नुसतं कुतूहल नव्हे, काळजीचा विषय होतात. पेढ्यांचा पुडा घेऊन गेलेला एक बाबा मला माहीत आहे. पेढे ऑफिसात राहिले आणि बाबा बाहेर.

एक रात्र मुलाच्या पायांनी

सप्टेंबरच्या मध्यावर ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. तिथे पालकांना मुलाचं वेळापत्रक देतात आणि संध्याकाळी सातला तुम्ही मुलाच्या होमरूममध्ये, मुलाच्याच खुर्चीवर बसता. तिथून घंटेवर घंटा, प्रत्येक तास दहा मिनिटांचा. दोन जिने चढून विज्ञान, मग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जिम. तिसऱ्या तासापर्यंत मी दोनदा हरवले आणि एकदा उशिरा पोचले. त्या रात्री घरी येऊन मुलीला कुलुपाबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

ही रात्र स्वतःच्या मुलाबद्दल बोलायची नाही. मागे रांग असते आणि शिक्षकांना अजून चेहरे पाठ झालेले नसतात. त्यासाठी पुढे वेगळी भेट मिळते, बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या सुमारास. या रात्री फक्त चेहरे बघून घ्या, आणि होमरूमच्या शिक्षकांना हात मिळवून मुलाचं नाव एकदा नीट उच्चारून दाखवा.

ड्रिल

न्यू जर्सीच्या कायद्याने शाळेला दर महिन्याला किमान एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल, म्हणजे संकटाच्या वेळी काय करायचं त्याचा सराव, घ्यावी लागते. आगीची सोपी, रांगेत बाहेर. सुरक्षेच्या ड्रिलमध्ये दार बंद, दिवे बंद, मुलं भिंतीलगत गप्प बसतात. पहिल्यांदा हे करून आलेलं मूल रात्री प्रश्न विचारतं. हे का करतात ते खरं आणि थोडक्यात सांगा. होमरूम चालू असताना ड्रिल झाली तर त्या शिक्षकांच्या मागे राहायचं, एवढं त्याला आधीच माहीत असू द्या. तुमच्या फोनवर ‘लॉकडाउन’चा संदेश आला तर आधी तो ड्रिलचा आहे का ते वाचा, आणि खरा असला तरी गाडी काढून शाळेकडे धावू नका, रस्ता मोकळा लागतो.

हायस्कूलमध्ये

नववीपासून होमरूमचं रूप शाळेगणिक बदलतं. कुठे चार वर्षं तीच खोली आणि तेच शिक्षक, कुठे ‘अ‍ॅडव्हायजरी’ नावाने आठवड्यातून एकदा अर्धा तास, कुठे फक्त परीक्षेच्या आणि अर्ज वाटायच्या दिवशी. चार वर्षं एकच माणूस असेल तर बारावीत शिफारसपत्र मागायला तो चांगला, हे लक्षात ठेवा. दहा मिनिटं का होईना, त्याने मुलाला चार वर्षं रोज पाहिलेलं असतं.

जूनमध्ये शेवटच्या आठवड्यात होमरूममध्येच लॉकर रिकामे करायचा दिवस असतो. मोठी पिशवी द्या, आत सप्टेंबरपासूनचे डबे निघतात. कुलूप शाळेचं असेल तर ते परत करायचं, नाहीतर दंड लागतो. तुम्ही आणलेलं असेल तर घरी आणा आणि आकड्यांची चिठ्ठी त्यालाच बांधून ठेवा. धाकट्याला लागतं.